विकतची माती

आमच्या घरातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, असे कोणी विचारले तर मी ‘माती’ असे उत्तर देईन. आजोबांच्या वेळचा एक अडकित्ता आहे, आईच्या माहेरचा एक शिसवी पाट आहे. पण त्यांचे वय फार तर शंभराच्या घरात जाईल. मातीचे वय कोण काढणार? आता माती ही काही घरातली वस्तू नव्हे, असे तुम्ही म्हणाल. ज्यांचे घर जमिनीवर आहे त्यांनी तसे खुशाल म्हणावे. त्यांच्या दारात माती असते, ती पायांना लागून घरात येते आणि केरसुणीच्या एका फटकाऱ्यासरशी पुन्हा बाहेर जाते. तिची मोजदाद ठेवण्याचे त्यांना कारणच पडत नाही. पण जो माणूस तिसऱ्या मजल्यावर राहतो त्याच्या घरी माती आपण होऊन येत नाही. ती गोणीत भरून, हमालाच्या पाठीवर बसून, बावन्न पायऱ्या चढून येते. आणि मुख्य म्हणजे पैसे मोजल्याशिवाय येत नाही. अशी वस्तू मग कपाटासारखी, पंख्यासारखी घरच्या चीजवस्तूंत धरावीच लागते.

मुलुंडला, पूर्वेच्या बाजूला, मिठागराच्या दिशेने जाणाऱ्या रस्त्याच्या जवळपास आमची चार मजली इमारत होती. १९८४ साली गिरगावातल्या चाळीतले बिऱ्हाड उचलून आम्ही तिथे राहायला गेलो. ‘होती’ असे म्हणतो, कारण ती आता नाही. ते पुढे येईलच. त्या घराला दक्षिणेकडे एक गॅलरी होती. लांबी अकरा फूट, रुंदी साडेतीन. म्हणजे साडेअडतीस चौरस फूट. एवढ्या जागेला बाग म्हणायचे की नाही, याबद्दल आमच्या घरात आणि घराबाहेर पुष्कळ वाद झालेले आहेत. पुण्यात बंगला बांधून राहिलेले माझे एक साडू आले, की ‘काय म्हणते तुमची शेती?’ असे विचारून उत्तराची वाट न पाहता स्वतःच हसत. त्यांच्या बंगल्याभोवती दोन गुंठे जागा आहे आणि तिची निगा ठेवायला माळी येतो. जो माणूस स्वतःच्या जास्वंदीला माळ्याकडून पाणी घालून घेतो त्याच्याशी काय वाद घालायचा!

आई आमच्याबरोबर नव्या घरी आली ती मांडीवर डालड्याचा डबा घेऊन. तो पिवळा डबा आणि त्यावरचे हिरवे माडाचे झाड ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. चाळीच्या कठड्याला तारेने बांधलेला असा एक डबा नाही असे बिऱ्हाड आमच्या मजल्यावर विरळाच. त्यात तुळस. सगळे सामान टेम्पोत गेले. डबा मात्र आईने टॅक्सीत मांडीवर घेतला आणि मुलुंड येईपर्यंत वरून पदर धरला. त्या डब्यातली माती संगमेश्वराजवळच्या आमच्या गावची. मे महिन्यात गावी गेली, की परतताना आमसुले, फणसपोळी, कुळथाचे पीठ यांच्या जोडीला एका पंच्यात ओंजळभर माती बांधलेली असायचीच. जांभ्या दगडाची, कुंकवाहून जराशी काळपट, बोटांना रंग लावणारी. गावचे घर पुढे चुलत्यांकडे गेले, जाणे-येणे कमी झाले. पण डब्याला मातीची भर पडत राहिली.

नव्या घरी पहिल्याच रविवारी मी स्टेशनजवळून चार कुंड्या आणि एक गोणी माती घेऊन आलो. हमालाने गोणी गॅलरीत उतरवली. आईने तिच्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले.

‘‘विकत आणलीस?’’

‘‘हो.’’

‘‘माती?’’

‘‘अगं, इथे खाली सगळी भरणी आहे. विटांचे तुकडे नि सिमेंट. त्यात काय उगवणार?’’

‘‘अरे, पण माती विकत घेतात का कधी कोणी? उद्या पाणीही विकत आणशील!’’

त्या गोणीला किती रुपये पडले हे मी लवकरच विसरलो. आई अखेरपर्यंत विसरली नाही. तिच्या हयातीतच पाणीही बाटलीत भरून दुकानात आले, तेव्हा ती नुसती माझ्याकडे बघून हसली होती. पण त्या दिवशी तिने आणखी एक गोष्ट केली. मी कुंड्या भरल्यावर ती उठली, डालड्याच्या डब्यातली चिमूट-चिमूट लाल माती घेऊन तिने चारी कुंड्यांत टाकली आणि बोटाने ढवळली. दुधाला विरजण लावावे तशी! पुढे जी जी नवी कुंडी घरात आली तिला हे विरजण लागल्याशिवाय तिच्यात रोप गेले नाही. कधी लाल माती मिळे, कधी हातगाडीवाला माळी काळी चिकण माती देऊन जाई. विरजण मात्र एकच.

गॅलरीत झाडे लावणाऱ्याने सर्वांत आधी ऊन ओळखावे. खत, पाणी, बियाणे ही सारी मागाहून. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर हे गणिताचे शिक्षक. त्यांनी ‘प्रयोग परिवार’ उभा केला आणि ‘विपुलाच सृष्टी’ हे पुस्तक लिहिले. झाडाच्या वाट्याला ऊन किती येते आणि पाने त्यातले किती झेलतात, या हिशेबाकडे त्यांनी शेतकऱ्यांचे लक्ष वळवले. आमच्या वाट्याचे ऊन साडेअडतीस चौरस फुटांचे, आणि तेही हप्त्या-हप्त्याने येणारे. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला एकोणीस अंशांवर आहे. त्यामुळे डिसेंबरात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. तेव्हा ऊन गॅलरी ओलांडून बैठकीच्या खोलीत चार फूट आत, माझ्या आरामखुर्चीच्या पायांपर्यंत येई. संक्रांतीनंतर ते रोज बोटबोट मागे सरे. मेच्या मध्यावर सूर्य नेमका माथ्यावर येतो, त्या दिवशी दुपारी उभ्या काठीला सावली नसते. आणि तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य चक्क आपल्या उत्तरेला असतो. म्हणजे ज्या दिवसांत सारी मुंबई उन्हाच्या नावाने बोटे मोडत असते, नेमके त्याच दिवसांत आमच्या दक्षिणेच्या गॅलरीत दुपारी ऊन नसे!

ही गंमत कळायला मला तीन वर्षे लागली; आईला पहिल्या वर्षीच कळली. तिने काही नकाशा काढला नव्हता. वाळवणाचे सूप कुठे ठेवावे लागते यावरून तिने ताडले. मग आमचे पंचांग ठरले. टोमॅटो, मिरची, शेवंती ही सगळी कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत. पावसाळ्यात अळू, मायाळू, पुदिना, आणि कठड्याच्या अगदी कडेला तेरडा. मोगऱ्याला मार्चमध्ये छाटून उन्हाच्या शेवटच्या पट्ट्यात ढकलायचे. बाकीची झाडे आपापल्या जागी, आणि आम्ही दोघे कुंड्या पुढे-मागे सरकवणारे त्यांचे गडी.

उत्पन्न काय निघाले, असे विचाराल तर सांगतो. एका चांगल्या हंगामात सव्वादोन किलो टोमॅटो. मी बँकेत नोकरी केलेला माणूस. त्यामुळे रोपे, खत, कुंड्या यांचा खर्च मी वहीत टिपून ठेवला होता, आणि बँकेत नोकरी केलेला माणूस असल्यामुळेच तो कोणाला दाखवला नाही. अळू मात्र उदार. ऋषिपंचमीच्या भाजीला आमच्या जिन्यातल्या पाच-सहा घरांना आमचेच अळू जाई. कढीपत्त्यावरून आमच्या घरात तंटा होता. त्याच्यावर दर पावसाळ्यात पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येत. मोठ्या झाल्या की त्या हिरव्यागार होत. डिवचले तर डोक्यामागून लालसर शिंगे बाहेर काढून असा काही उग्र वास सोडत की माणसाने मुकाट्याने मागे व्हावे. चार दिवसांत झाड बोडके. ‘‘अहो, कढीपत्ता आमटीसाठी लावलाय की किड्यांसाठी?’’ हा सौभाग्यवतींचा सवाल अगदी रास्त होता. पण त्याच अळीची पुढे काळ्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असलेली पाकोळी होते, हे एकदा डोळ्यांदेखत पाहिल्यावर माझा हात चालेना. अखेर दोन झाडे लावली. एक आमटीचे, एक पाकोळ्यांचे. पाकोळ्यांना हा करार वाचता येत नसल्यामुळे त्या दोन्ही झाडांवर अंडी घालीत, तो भाग वेगळा.

आता दुसऱ्या मजल्यावरचे आप्पा. आमच्या गॅलरीच्या बरोबर खाली त्यांची गॅलरी, आणि तीत त्यांची कपडे वाळत घालायची दोरी. हे वाचल्यावर पुढचे सांगायची गरज नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रत्येक बागाईतदाराच्या खाली एक दोरी असतेच. आप्पा भांडत नसत, पत्र लिहीत. ‘सप्रेम नमस्कार, विनंती विशेष. आज सकाळी ६ वाजून ५० मिनिटांनी आपल्या गॅलरीतून तांबडे पाणी पडून आमचा एक सदरा व एक पंचा खराब झाला आहे. कळावे, लोभ असावा.’ लोभ असावा, हे प्रत्येक पत्राच्या शेवटी असायचे. अशी सतरा पत्रे माझ्याकडे आहेत. आम्ही कुंड्यांखाली ताटल्या ठेवल्या, तर डासांच्या अळ्या शोधत महापालिकेची माणसे आली आणि ताटल्यांत पाणी साठवू नका असे बजावून गेली. शेवटी कुंडीला अर्धा तांब्या, तोही पहाटे साडेपाचला, दोरीवर कपडे चढायच्या आत, असा तह झाला. त्या तांबड्या डागांत संगमेश्वराची माती होती, हे आप्पांना कधी माहीत नव्हते. आईला होते. डाग पडला म्हणून तिला वाईट वाटे, आणि माती गेली म्हणूनही.

कुंडीतली माती बसते, हे ज्याने कुंडी भरली आहे त्याला ठाऊक असते. काठोकाठ भरलेली कुंडी वर्षाने पाहा, चार बोटे रिकामी. ही जाते कुठे? आई म्हणायची, झाड खाते. याविषयी एक नामी प्रयोग पूर्वी होऊन गेला आहे. व्हॅन हेल्मॉन्ट नावाच्या एका वैद्याने मोठ्या कुंड्यात दोनशे पौंड वाळवलेली माती घातली, पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला नुसते पाणी घातले. पाच वर्षांनी झाड भरले एकशे एकोणसत्तर पौंड आणि वर तीन औंस. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त दोन औंसांनी कमी! त्याच्या मृत्यूनंतर १६४८ साली हे छापून आले. झाड सगळे पाण्याचे झाले, असा निष्कर्ष त्याने काढला. तो अर्धाच खरा होता. हवा त्याच्या हिशेबात आली नव्हती. पण झाड माती खात नाही, एवढे त्याने दाखवून दिले. मग आमच्या कुंड्या का बसतात? तर त्यात आपण घातलेला पालापाचोळा, चहाचा चोथा, भाज्यांच्या साली हे जे सारे असते ते कुजत कुजत बरेचसे हवेत परत जाते. खनिजाची कणी तेवढी तळाला राहते. ती ना झाड खाते, ना हवा नेते. भोकातून आप्पांच्या सदऱ्यावर गेली तेवढीच काय ती घट.

हे मी आईला समजावून सांगितले होते. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, ‘‘म्हणजे माझी आहे अजून त्यात.’’

आई २००९ साली गेली. तुळशीला पाणी आता कोणी घालायचे, यावर घरात काही बोलणे झाले नाही; मी घालू लागलो. डालड्याचा डबा त्याच्या कितीतरी आधी गंजून संपला होता, तुळस कुंडीत आली होती. तुळशीचे एक रोप तीन-चार वर्षे नीट राहते, मग त्याचे लाकूड होते, पाने बारीक पडतात. पण मंजिऱ्या खाली सांडलेल्या असतात, आणि पहिल्या पावसात बुडाशी मोहरीएवढी दोन-दोन पाने दिसू लागतात. त्यातले एक ठेवायचे, बाकीची शेजारी वाटायची. असे किती वेळा झाले ते मोजलेले नाही.

मातीचे खरे गिऱ्हाईक मात्र झाडे नव्हेत, इमारतीतली पोरे. दिवाळीच्या आधी आठ दिवस बेल वाजे आणि दारात पाच-सहा जण घमेली घेऊन उभे असत. ‘‘आजोबा, किल्ल्यासाठी माती!’’ खालच्या अंगणात १९९८ साली फरशी बसल्यापासून इमारतीत माती आमच्याकडेच उरली होती. हंगाम संपलेल्या कुंड्या मी त्यांच्यासाठी रिकाम्या ठेवी. मग विटा, गोणपाट, चिखल. बुरुजांवर पेरलेले अळीव. आरशाच्या तुकड्याचे तळे. वर सिंहासनावर महाराज आणि खाली, दरवाज्याहून उंच असे मावळे. तुळशीचे लग्न लागले की किल्ला मोडायचा आणि माती पुन्हा वर. घमेले भरून नेलेली माती घमेले भरून परत आली पाहिजे, एवढी एकच माझी अट. ती येताना एकटी येत नसे. फेब्रुवारीत मोगऱ्याची माती उकरताना भाला धरलेला एक मावळा वर आला होता, आणि एकदा तर अख्खा वाघ. आमच्या मोगऱ्याची माती दोनदा रायगड आणि एकदा सिंधुदुर्ग झालेली आहे. पुण्याच्या साडूंच्या बागेला हा मान मिळालेला नाही.

तीस वर्षांवरच्या इमारतींची मजबुती मुंबईत तपासून घ्यावी लागते. आमची तपासणी २०२३ साली झाली. तरुण इंजिनिअर हातोडीने खांब वाजवत सगळ्या इमारतीत फिरला. आमच्या गॅलरीत आला, कुंड्या पाहून थबकला. आता हा सगळे खापर कुंड्यांवर फोडणार, असे मला वाटले. पण त्याने गॅलरीची लांबी-रुंदी मोजली, कुंड्या मोजल्या, मनाशी गणित केले आणि म्हणाला, ‘‘काका, एवढा भार ती सहज घेते. भानगड आतल्या सळ्यांची आहे.’’ लोखंड गंजून फुगले होते, त्याने सिमेंट फोडले होते. खाडीची खारी हवा, चाळीस पावसाळे. दुरुस्तीचा खर्च ऐकून सगळे गप्प झाले, आणि पुढचे जे व्हायचे ते झाले. इमारत पाडून नवी बांधायची.

सभेत नकाशा भिंतीवर टाकला. चौदा मजले, दोन लिफ्ट, प्रत्येकाला आताच्यापेक्षा मोठी जागा. लोक खूश होते, आणि मीही होतो. साठीनंतर बावन्न पायऱ्या काय असतात ते सांगायला नको. प्रश्न विचारायला सांगितल्यावर आप्पा उभे राहिले.

‘‘वरच्या गॅलरीतले पाणी खाली येणार नाही, याची काय व्यवस्था केली आहे?’’

आर्किटेक्ट हसून म्हणाले, ‘‘काका, गॅलरीच नाही. मग पाणी कुठले?’’

सगळे हसले. गॅलरीची जागा आत खोलीत घेतली होती. मोठ्या जागेतला बराचसा मोठेपणा तिथून आलेला होता. मी नकाशाकडे पाहत राहिलो. मुंबईच्या नकाशांत एके काळी ‘फ्लॉवर बेड’ नावाची एक चीज असे. ती चटईक्षेत्रात मोजली जात नसे, म्हणून मोठमोठ्या इमारतींत खिडकीखिडकीला फुलांचे वाफे काढलेले असत. फुले त्यात क्वचितच लागली. लोक त्यावर फरशी टाकून आत कपाटे बसवीत. २०१२ साली नियम बदलला, असले वाफे आणि बाल्कन्या मोजणीत धरल्या जाऊ लागल्या, आणि नकाशांतून वाफे गेले. कागदावरची एवढी मोठी फुलबाग जगात दुसरीकडे कुठे झाली नसेल.

सभा संपल्यावर जिन्यात आप्पा माझ्यासाठी थांबले होते. ते हसले नव्हते, हे मी पाहिले होते. म्हणाले, ‘‘मग ऋषिपंचमीच्या अळवाचे काय?’’ मी काही बोललो नाही. दोघे मिळून जिना चढलो. दुसऱ्या मजल्यावर ते आत गेले.

सही मी केली. फुगलेल्या सळ्यांखाली नातवंडांना झोपवायचे नसते. कराराची पाने शंभरावर होती. त्यात फरशीचा आकार होता, ओट्याचा दगड होता, नळ कोणत्या धातूचे ते होते, कडीकोयंडेसुद्धा होते. ते सारे मोडून त्याबदली नवे मिळणार होते. चाळीस वर्षे साचवलेली माती त्यात नव्हती, आणि असावी असे मी म्हणालो असतो तर वकिलांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले असते. मुलाला पुण्याला फोन केला, तर तो म्हणाला, ‘‘बाबा, माती कशाला नेताय? आता पाच किलोच्या पिशव्या घरपोच मिळतात. खत, नारळाचा भुसा, सगळे घातलेले असते त्यात.’’ त्याचे खरे होते. मी स्वतः ती पिशवी आणून पाहिली आहे. चांगली असते. हलकी असते.

२०२५ च्या जानेवारीत घर सोडायचे होते. त्याआधी, २०२४ च्या दिवाळीत, पोरांनी शेवटचा किल्ला केला. तो त्यांनी राजगड केला आणि तीन माच्यांना आमच्या बारा कुंड्यांची माती लागली. डिसेंबरात रोपे वाटली. मोगरा पहिल्या मजल्यावरच्या वहिनींच्या माहेरी बदलापूरला गेला. पाकोळ्यांचा कढीपत्ता एका शाळेच्या आवारात जमिनीत लागला. त्याच्या मुळांना एवढी जागा जन्मात प्रथमच मिळाली असेल. अळवाचे कंद आप्पांनी स्वतः येऊन नेले, पिशवी घेऊन. कुंड्या रिकाम्या केल्या आणि माती पोत्यांत भरली. रद्दीवाल्याचा ताणकाटा मागून आणला होता. एकेक पोते टांगून वजन घेतले, पोत्यांना नंबर घातले, वहीत मांडले. एकूण तेवीस पोती, तीनशे शहाऐंशी किलो. यात आईची किती, ते कोणत्याही काट्यावर निघणारे नव्हते.

टेम्पोवाल्याने पहिले पोते उचलले आणि खाली ठेवले.

‘‘काका, यात काय आहे?’’

‘‘माती.’’

‘‘नाही, आत काय आहे?’’

‘‘मातीच आहे.’’

त्याने सौभाग्यवतींकडे पाहिले. त्यांनी दुसरीकडे पाहिले. तेवीस पोत्यांचे त्याने वेगळे पैसे घेतले. म्हणजे तीच माती मी दुसऱ्यांदा विकत घेतली!

आता आम्ही भाड्याच्या घरात आहोत, रेल्वेच्या पलीकडे. इथेही गॅलरी नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीत पोती ठेवायला इथल्या सेक्रेटरींनी वर्षाची परवानगी दिली; का ठेवायची आहेत हे त्यांनी दोनदा विचारले. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या जाळीत तुळस आणि आमटीचा कढीपत्ता, एवढेच आता वापरात. बाकीचे मी विसरूनही गेलो असतो. पण २०२५ साली पाऊस २६ मेलाच मुंबईत आला, इतक्या लवकर की छत्र्या माळ्यावरच होत्या. पोत्यांवर ताडपत्री टाकायला मी वर जाईपर्यंत पंधरा दिवस झाले होते. उन्हाने पोत्यांचे प्लास्टिक विरले होते, ठिकठिकाणी फाटले होते; आणि त्या फटींतून सगळे बाहेर आले होते. तेरडा तर सात पोत्यांतून. एक टोमॅटो. कुठल्याशा किल्ल्यावरची मोहरी. अकराव्या पोत्याला तुळशीची बारीक रोपे फुटली होती, बोटाच्या पेराएवढी. ताडपत्री मी तशीच खाली आणली.

सौभाग्यवती वर आल्या, पाहिले, आणि म्हणाल्या, ‘‘सेक्रेटरींना काय सांगणार आहात?’’ मी अजून काही सांगितलेले नाही. श्रावणात त्यांच्या घरी तेरड्याची फुले पाठवली होती. त्यानंतर त्यांनी विचारले नाही.

नवी इमारत उभी राहायला तीन वर्षे लागतील म्हणतात. चौदाव्या मजल्यावर सगळ्यांची म्हणून एक गच्ची असणार आहे; तिथे काय ठेवू द्यावे याचे नियम अजून व्हायचे आहेत. आप्पा ठाण्याला राहतात. त्यांनी अळवाचे कंद प्लास्टिकच्या बादलीत लावले आहेत आणि बादलीतून पाणी गळून खालच्यांची तक्रार आली आहे, असे पत्र मला आले. लोभ असावा, हे शेवटी होतेच.

परवा ऐरोलीहून फोन आला. पहिल्या मजल्यावरच्या वहिनींचा धाकटा. ‘‘आजोबा, आपली माती आहे ना अजून? इथे खाली सगळे पेव्हर ब्लॉक आहेत.’’ यंदा त्याला जंजिरा करायचा आहे. जंजिऱ्याला भोवती समुद्र हवा, आणि लाल माती पाणी धरत नाही, त्याला चिकण मातीच पाहिजे. हातगाडीवाल्या माळ्याची काळी माती आठव्या आणि नवव्या पोत्यात आहे. रविवारी तो आणि त्याचे बाबा स्कूटरवरून यायचे आहेत. दोन्ही पोती मी टाकीपाशी पुढे ओढून ठेवली आहेत. अकरावे मागे सारले आहे.